सुतळीत बांधलेला शब्द

७ ऑगस्ट २००७, मंगळवार. पावसाळी हवेनं शाई नीट बसत नव्हती, म्हणून सकाळीच यंत्र बंद ठेवून रोलर धुवायला काढले होते. हाताला रॉकेल आणि समोर चिंध्यांचा ढीग, अशात बेळगावहून फोन आला. बिंदुराव हुद्दार गेले. फोनवर त्यांचा पुतण्या आनंद होता. तेराव्याचं कार्ड छापायचं होतं आणि मजकूर त्यानं मेलवर पाठवला होता.

"बेळगावात छापखाने नाहीत का?" मी विचारलं.

"आहेत की, काकू. खरं काका बजावून गेलेत. माझं कार्ड धारवाडलाच. दुसरीकडं दिलंस तर मेल्यावरही प्रूफ तपासायला यावं लागेल, म्हणाले."

हे वाक्य त्यांचंच, याबद्दल मला शंका आली नाही. शंका आली ती मेल उघडल्यावर. नाव बरोबर होतं, पत्ता बरोबर होता, आणि नावाखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'आमच्या कुटुंबाचे दीपस्तंभ'.

हा शब्द इथं कुणी घातला असेल? आनंदनं मनापासून, की त्याच्या ऑफिसातल्या एखाद्या हौशी माणसानं? की नावाखाली जागा मोकळी दिसली म्हणून? असले प्रश्न मला पूर्वी पडत नसत. आलेला मजकूर छापायचा आणि वेळेवर द्यायचा, एवढंच माझं काम. ही शंकेखोर सवय मला बिंदुरावांनी लावली.

उठून जुन्या कपाटाचा खालचा खण उघडला. खिळे जुळवून छापायचं काम आम्ही कधीच बंद केलंय, पण मोडीत घालायचे राहिलेले खिळे त्या कपाटात आहेत. त्यांच्याशेजारी 'दीपस्तंभ' हा शब्द अजून तसाच होता, जुळवलेला आणि सुतळीनं आवळून बांधलेला. त्या काळी धारवाडात कुणी मोठा वकील, मास्तर, संस्थेचा अध्यक्ष गेला की हा शब्द लागायचाच. दर वेळी जोडाक्षरं कुठं शोधत बसायची म्हणून आमचा जुळारी मल्लाप्पा तो तयारच ठेवायचा. बिंदुरावांना त्या पुडक्याचा राग होता.

"जामिनावर सुटलेल्या आरोपीसारखा बसलाय बघा," ते म्हणायचे. "हाक मारली की हजर."

बिंदुराव कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार खेड्यातलं मराठी बोलणार नाहीतर धारवाडी कानडी, न्यायाधीशांना हवं इंग्रजी, आणि मध्ये हे. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे बोलणाऱ्यावर विश्वास नाही आणि ऐकणाऱ्यावरही नाही. निवृत्त झाल्यावर ते आमच्या छापखान्यात आले, तेही भांडायला.

सुभाष रोडवरून आत वळणाऱ्या बोळात आमचा छापखाना. सासऱ्यांनी काढलेला. नवरा कॉलेजात शिकवायचा आणि त्याला शाईच्या वासानं डोकं दुखायचं, म्हणून तो मी हातात घेतला. त्याला फार दिवस झाले नव्हते. एका दुपारी काळा कोट घातलेला उंच, वाळका माणूस आत आला आणि आम्हीच छापलेली एक लग्नपत्रिका त्यानं टेबलावर आपटली.

"ही तुमची?"

"हो."

"गोरज मुहूर्त. सकाळी अकरा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुमच्या गल्लीतल्या गाई सकाळी अकराला चरून घरी येतात काय?"

मी म्हटलं, लग्नघरच्यांनी लिहून दिलं तेच छापलं.

"यार हेळ्यार? कोण सांगितलं? नवरामुलगा? त्याचा बाप? का दारात मजकूर टाकून पळालेला पोरगा?"

यार हेळ्यार. कोण म्हणालं. हे त्यांचं पालुपद, आणि ते नेहमी कानडीतच यायचं. मराठीत विचारलं तर माणूस सावध होतो आणि कानडीत विचारलं तर पटकन खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव. घरी कानडीच बोलणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांचा अनुभव नेमका उलटा असायचा, ते वेगळं.

मला वाटलं, पत्रिकेतली चूक दाखवून आता हा काहीतरी फुकट छापून मागणार. मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी आले, खिडकीशेजारच्या स्टुलावर बसले आणि वाळत घातलेली प्रुफं वाचायला लागले. महिनाभर मी वाट बघितली, याला काय पाहिजे असेल. फुकट वर्तमानपत्रं? चहा? शेवटी कंटाळून मीच त्यांना कामाला ठेवलं. काय पाहिजे होतं ते पुढं कळलं. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि घरात उलटतपासणी घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्यांचा संशय सर्वांना सारखा होता, हे कबूल केलं पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले की मल्लाप्पाला वेळ विचारायचे, मग मला, आणि तिघांचं जमलं तरच छत्री उचलायचे. पेढा कुणी दिला तर आधी मोडून आत बघायचे. नवं कॅलेंडर आलं की जुन्याशेजारी टांगून सण ताडून पाहायचे, जणू नव्या वर्षात कुणीतरी एकादशी लंपास करणार होतं. कुणी त्यांचं कौतुक केलं की तो माणूस जाईपर्यंत गप्प, आणि मग हळूच, "बाई, याचं काय अडलंय हो आपल्याकडं?"

सगळ्यात वरताण त्यांची बॅटरी. संध्याकाळी वीज जायची, आणि आमचा बोळ तर अंधारकोठडीच. म्हणून ते रोज पिशवीतून बॅटरी आणायचे. पण सेल आत ठेवले तर आपोआप उतरतात असं त्यांचं मत होतं, म्हणून सेल काढून वेगळ्या पुडीत. वीज गेली की अंधारात पुडी शोधायची, सेल घालायचे, ते उलटे पडायचे, एखादा यंत्राखाली घरंगळायचा.

"काका, काडी ओढू काय?" मल्लाप्पा विचारायचा.

"सुम्न कुंद्र. गप्प बस. माझ्याकडं बॅटरी आहे."

मल्लाप्पा मेणबत्तीवर चार ओळी जुळवून मोकळा व्हायचा आणि मग बॅटरी लागायची. बहुधा तेवढ्यात वीजही यायची.

पण छापखान्यात त्यांनी एक पद्धत आणली, तिच्यामुळं काही गिऱ्हाइकं तुटली आणि काही पिढीजात झाली. कोर्टात साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवतात. त्यानं 'बरोबर आहे' म्हटल्यावर सही नाहीतर अंगठा. बिंदुरावांनी ती रीत उलटी करून आमच्याकडं लावली. ज्यानं मजकूर आणला त्यानं तो त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचा. मगच ते प्रुफावर तांबड्या पेन्सिलीनं लिहिणार, 'वाचून दाखवले, बरोबर आहे', आणि मगच मल्लाप्पा फर्मा यंत्रावर चढवणार.

"कागदावर खोटं बोलताना हात कापत नाही," ते म्हणत. "आपल्याच कानानं ऐकावं लागलं की घसा बसतो."

एकदा एका बड्या वकिलांची मुलं वर्षश्राद्धाची पुस्तिका घेऊन आली. थोरल्यानं वाचायला सुरुवात केली. 'बाबा म्हणजे आम्हा सर्वांचे दीपस्तंभ...' आणि त्याचा आवाज खरंच अडकला. धाकटा म्हणाला, "दादा, बाबा तुझ्याशी पाच वर्षं बोलत नव्हते." दोघांचं तिथंच जुंपलं. मी मध्ये पडले, मजकूर हातात घेतला आणि म्हटलं, शब्द राहू दे की काढायचा तेवढं सांगा, यंत्र थांबलंय. काढला त्यांनी.

दोघं गेल्यावर मी बिंदुरावांना विचारलं, या शब्दावर तुमचा एवढा दात का?

ते स्टुलावर नीट बसले. "धारवाडला समुद्र कुठं आहे, बाई?"

"नाही."

"मग दीपस्तंभ कशाला? कुणाची जहाजं इथं फुटायला लागलीत? आता हा मूळचा कुठला ते बघा. हा देवळापुढचा खांब. दगडी, कोनाडे असलेला, त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लावायचा. आपण दीपमाळ म्हणतो तोच. कानडीत अजून देवळापुढंच उभा आहे. इंग्रज आला, त्यानं किनाऱ्यावर मनोरे बांधले, त्याला आपल्यात नाव नव्हतं. कुणीतरी हा खांब उचलून समुद्रात नेऊन उभा केला. तिथनं तो वाट दाखवायला लागला आणि आता गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसात शिरलाय. म्हणजे नोकरी बदललेला साक्षीदार. आधीच्या जागी काय करत होता ते सांगत नाही."

"आणि देवळापुढं असताना वाट दाखवत नव्हता?"

"जागा दाखवत होता. देव इथं आहे, एवढंच. तिथवर यायचं कसं, खड्डा कुठं, काटा कुठं, ते तुमचं तुम्ही बघा. वाटेला लागते ती दिवटी. संस्कृतातली दीपवर्तिका, चालून चालून झिजली, मराठीत दिवटी झाली. कानडीत दीवटिगे. ही कुणाच्या तरी हातात असते, आणि तो माणूस आपल्याबरोबर चालतो. खांबाला पाय नाहीत."

मल्लाप्पा म्हणाला, "मग कार्डावर 'आमच्या कुटुंबाची दिवटी' छापू काय, काका?"

"छाप आणि मार खा," बिंदुराव म्हणाले. मग स्वतःवरच डोळे बारीक करून, "अर्थात हेही मला कुणीतरी सांगितलेलंच. शब्द चालताना मी कुठं बघितलाय?"

दिवटी हा शब्द आमच्या छापखान्यात खरोखरीचा चालत आला तो दोनेक वर्षांनी. अळणावरकडच्या एका गावच्या जत्रेची पत्रिका आम्ही दर साली छापायचो. देवाचं चित्र, तिथी आणि खाली मानकऱ्यांची नावं. पालखीपुढं अंधार पडताना दिवटी निघते, ती धरायचा मान दिवटे नावाच्या घराकडं. मजुरी करून खाणारं घर. दिवटीत तेल घालायचा मान पाटलांकडं. पुढं दिवटी, तिच्यामागं तेल, मग पालखी, असा क्रम.

एका सकाळी शांताबाई दिवटे दारात उभी राहिली. नवरा त्याच साली वारला होता. मुलगा धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात लागला होता, नवा असल्यामुळं त्याला जत्रेला रजा नव्हती.

"पत्रिका छापली न्हाई न्हवं अजून?"

मी म्हटलं, मजकूरच आला नाही.

"येईल. निंगोजी पाटील घेऊन येतोय. आवंदा दिवटी त्येंच्याकडं, असं लिवलंय म्हणं. माझ्या घरात धरायला गडी न्हाई म्हणून. त्येचा पोरगा पंचायतीला उभा ऱ्हाणाराय. जत्रेला पुढारी येत्यात, फोटू निघत्यात, समद्यांच्या म्होरं ह्येचा पोरगा पायजे." ती टेबलाला धरून उभी होती. "येकदा छापलं की संपलं, बाई. फुडल्या साली तीच पत्रिका दाखवत्यात. मग आमाला कोण इचारतंय?"

बिंदुरावांनी तिचीही गय केली नाही. दिवटी कुठं असते? घरात, छपराला टांगलेली. कोण बघितलंय? सगळं गाव. तुम्ही स्वतः कधी धरलीय? नाही, आमच्यात पुरुष धरतात. मग तुमच्या घराकडं मान राहिला तर यंदा धरणार कोण? यावर तिनं टेबल सोडलं. मग म्हणाली, "मी धरीन."

"मी शब्द देत नाही," बिंदुराव म्हणाले. ती गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, पोट बिघडलंय. त्याच दिवशी मल्लाप्पानं त्यांना बसस्टँडवर अळणावरच्या गाडीत चढताना बघितलं. छत्री, पिशवी आणि अंगात काळा कोट. तिसऱ्या दिवशी कामावर आले. टेबलाखाली पेरूंची करंडी होती, लहान, खरबरीत सालीचे, आतून लालभडक पेरू. मल्लाप्पाला दिले, मलाही दिले, स्वतः एक कापून आतून तपासला आणि खाल्ला.

"पोट बरंय का?" मी विचारलं.

"बरंय."

"पेरू कुठले?"

"झाडाचे."

मला ते आवडलं नाही. हा माणूस पेढ्यावर विश्वास ठेवत नाही, आणि कज्जातल्या एका बाजूच्या दारात जाऊन करंडी घेऊन येतो? शांताबाईनं पेरू दिले असणार, आणि यांनी घेतले असणार. जत्रेची पत्रिका हे आमचं जुनं काम. पाटलाच्या हातात आजूबाजूच्या गावांची कामंही होती. दुभाष्यानं एका बाजूला झुकायचं आणि छापखान्याचं नाव जायचं, हे मला परवडणारं नव्हतं. मी ठरवलं, पाटील आला की मजकूर मीच घेईन.

आठवड्याभरात निंगोजी पाटील आले. पांढरंशुभ्र धोतर, भारदस्त आवाज. बरोबर त्यांची म्हातारी आई. तिच्या डोळ्यांत दवाखान्यात औषध घातलं होतं, तासभर धड दिसणार नव्हतं, म्हणून तिला आणून बाकावर बसवलं. मी मजकूर घ्यायला हात पुढं केला. त्याआधी बिंदुरावांचा हात पोचला होता.

"मागच्या साली दिवटीला दिवटे होते," ते म्हणाले.

"ती तुमच्या छापखान्याची चूक," पाटील म्हणाले. "आम्ही बोललो नाही, एवढंच."

आता मलाही झोंबलं. "आमची चूक? दर साली तेच छापतोय. आणि त्यांचं आडनावच दिवटे."

"आडनावावर काय आहे हो, बाई? मी पाटील. सारा गोळा करतोय काय?"

बिंदुरावांनी कागद त्यांच्यापुढं धरला. "वाचा."

"तुम्हीच वाचा की. तुम्ही शिकलेले."

"ज्याचं म्हणणं त्यानं वाचायचं. इथली पद्धत आहे."

पाटील वाचायला लागले. आणि काय वाचलं! खणखणीत, न अडखळता. 'दिवटी म्हणजे ज्ञानाचा दीपस्तंभ. गावाला मार्ग दाखविण्याचा हा मान परंपरेने प्रमुख अशा पाटील घराण्याकडे...' कुठं घसा बसला नाही की डोळा हलला नाही. बाहेर रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली. मी बिंदुरावांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. सगळ्या नोकरीत जपलेली त्यांची पद्धत एका धोतरवाल्यानं दोन मिनिटांत झोपवली होती.

"झालं?" पाटील म्हणाले. "करा सही."

बिंदुरावांनी पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. कोपऱ्यातून आवाज आला.

"निंग्या, परत वाच."

"आई, तू गप बस."

"मला दिसंना झालंय, बहिरी न्हाई झाले. दिवटी आपल्याकडं म्हणालास? आपल्या घरात?"

"होय."

"मग त्याल कोण घालायचं?"

पाटलांनी कागद खाली केला.

"सांग की. पोरगं तुजं दिवटी घिऊन म्होरं जाईल. त्येच्यामागनं त्याल घिऊन कोण चालायचं? मी लगीन होऊन आले तवापास्नं त्याल माज्या हातचं. सासूनं भांडं माज्या हातात दिलं. आता त्ये कुणाच्या हातात देणारायस? दिवट्यांच्या? शांतीच्या?"

"तेलाचं बघू गं पुढं."

"काय बघतोस! येका घरातनं दिवटी आन त्येच घरातनं त्याल, आसं कुटं आस्तंय का? मग तिला जत्रा कशाला म्हणायचं? दिवाळी हाय का आपल्या घरातली?" म्हातारीनं लुगड्याचा पदर खोचला, न दिसणारे डोळे लेकाच्या दिशेनं वळवले. "दिवटी गेली तरी चालंल. माजं त्याल सोडणार न्हाई मी. सांग तुज्या पुढाऱ्याला."

बाहेरची दोन माणसं हसली. पाटलांनी कागद घडी करून खिशात घातला, आईचा दंड धरला. निघता निघता म्हातारीनं पिशवी चाचपली आणि मल्लाप्पाच्या दिशेनं हात पुढं केला. "घे रं बाळा. आमच्या परसातलं हायती."

पेरू होते. लहान, खरबरीत सालीचे. मल्लाप्पानं एक फोडला. आतून लालभडक.

मी बिंदुरावांकडं बघितलं. ते दुसरंच कुठलं तरी प्रूफ वाचण्यात गढले होते, आणि मला दिसत होतं की कागद उलटा आहे.

त्याच आठवड्यात पत्रिका छापायला आली, मागच्या साली होती तशीच. पाटील स्वतः आले नाहीत, गड्याबरोबर मजकूर पाठवला. बिंदुरावांनी त्या गड्यालाही वाचायला लावलं. त्याला वाचता येत नव्हतं, तर यांनी वाचून त्याच्याकडून 'बरोबर आहे' म्हणवून घेतलं.

छपाईला उशीर झाल्यामुळं उरलेला गठ्ठा पोचवायला जत्रेच्या दिवशी मला जावं लागलं. बिंदुराव आपण होऊन बरोबर आले. दिवेलागणीला पालखी निघाली. दिवटी शांताबाईनं धरली होती. पदर कमरेला खोचलेला, हात खांद्यावरून मागं कललेला. तेलकट ज्वाळा तिच्या पाठीमागं. लगोलग पाटलांची म्हातारी भांडं घेऊन, दर थांब्याला तेल घालत आणि दर थांब्याला शांताबाईला ओरडत, "मागं धर गं, मागं! माज्या पायापशी उजेड पायजे!" पाटलाचा मुलगा पालखीशेजारी होता, पुढाऱ्याबरोबर. फोटोही निघाला.

बिंदुराव देवाकडं बघत नव्हते. ते गर्दीतून पुढं घुसून तेलाच्या भांड्याचा वास घेऊन आले. "करडईचं आहे," म्हणाले, "भेसळ वाटत नाही." मग थोडा वेळ दिवटीकडं बघत राहिले.

"बघितलंत, बाई? तिच्या स्वतःच्या पुढं अंधारच आहे."

"तुमच्याही पुढं आहे," मी म्हटलं. "गटार आहे तिथं. बॅटरी काढा." ते पुडी सोडायला लागले. एक सेल खाली पडला, तो पालखीबरोबर पुढं गेला असावा, परत मिळाला नाही.

शांताबाईच्या मुलानं पुढल्या साली रजा मिळवली आणि तेव्हापासून तो धरतो. पत्रिका मात्र त्यानंतर आमच्याकडं आली नाही. ती हुबळीला छापतात. एकदा बघायला मिळाली. मानकरी बरोबर होते, तिथी चुकली होती.

काही वर्षांनी बिंदुरावांना जिने चढवेनात. आनंद त्यांना बेळगावला न्यायला आला. मी बसस्टँडवर गेले, कारण त्यांची छत्री छापखान्यात राहिली होती. त्यांनी ती उघडून बघितली, माझीच का म्हणून. गाडीवर 'बेळगाव' अशी मोठी पाटी होती. तरी त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, शेजारच्याला विचारलं, मग चढले. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं तर ते त्यालाच परत दिलं.

"वाच."

कंडक्टरनं आनंदकडं बघितलं. आनंदनं मान हलवली. "धारवाड ते बेळगाव," कंडक्टर म्हणाला.

"हां. बरोबर आहे."

ते खिडकीशी बसले. मी खाली उभी होते, आणि इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारून टाकलं. "काका, पाटलांच्या म्हातारीला त्या दिवशी तुम्हीच बोलावलं होतं ना? तेलाचं तिच्या डोक्यात तुम्हीच घातलंत?"

साक्षीदाराला पढवणारा माणूस म्हणजे चोर, असं ते मला कितीदा सांगायचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, डोळे बारीक केले. गाडी सुरू झाली.

"यार हेळ्यार?" ते म्हणाले. नंतर भेट झाली नाही.

आनंदचा मेल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, छापखाना उघडल्याबरोबर मी आनंदला फोन लावला.

"मजकूर मिळाला," मी म्हटलं. "आता मोठ्यानं वाचून दाखवा."

"फोनवर?"

"फोनवर."

तो वाचायला लागला. नाव, गाव, तिथी. "आमच्या कुटुंबाचे दीप..." इथं तो थांबला. पलीकडून, जरा लांबून, त्याच्या बायकोचा आवाज आला. "अहो, काय वाचताय? दीपस्तंभ? दुधात रोज बोट घालून बघायचे ते! दूधवाला रडायचा बाकी होता." मग तीच हसली.

मी रोलरला चिकटलेली एक चिंधी ओढून काढली.

"काकू, मग काय घालू?"

"मी कसं सांगणार? तुमचं म्हणणं, तुम्ही सांगायचं. मी छापते."

मग तो म्हणाला, "नुसतं 'आमचे काका' चालेल का?"

"वाचून दाखवा."

"आमचे काका. बिंदुराव हुद्दार. कोर्टातले दुभाषी." त्याचा घसा बसला. यावेळी मला त्याचा संशय आला नाही.

प्रूफ काढलं आणि तांबड्या पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे'. दुपारपर्यंत कार्डं छापून झाली. मग कपाटाचा खालचा खण उघडला, 'दीपस्तंभ'ची सुतळी सोडली आणि खिळे मोडीच्या डब्यात टाकले. सुतळी अजून घट्ट होती. कार्डांचा गठ्ठा तिनंच बांधला.